दुसऱ्या नंबरची वाटणी

"रॉसनं पाठवलाय," असं म्हणत लॉर्नानं क्रॅनबेरीचा अख्खा गोड पाव नवऱ्यापुढे टेबलावर ठेवला आणि एमिल होल्झरची सकाळ तिथंच संपली.

"का?"

"का म्हणजे? शेजारी आहे. भाजला, पाठवला."

"दातांच्या डॉक्टरनं गावभर गोड वाटत हिंडावं, हे धंद्याला धरूनच आहे म्हणा."

"तो रिटायर झालाय, एमिल."

"हाताची सवय जात नाही," एमिल म्हणाला आणि त्यानं एकापाठोपाठ एक तीन तुकडे खाल्ले. पाव उत्तम झाला होता. हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती.

पेनसिल्व्हेनियातल्या टॅमरॅक गावात एमिलनं चौतीस वर्षं भूमिती शिकवली होती, त्यामुळे अर्धा गाव त्याला 'मास्तर' म्हणे आणि उरलेला अर्धा गाव नापास झाल्यामुळे काहीच म्हणत नसे. पण गावातली त्याची खरी ओळख भूमितीची नव्हती. दर जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी, बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत तव्यावर स्क्रॅपलच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या, वड्या चुरचुरत असताना, बर्निसच्या डायनरमधल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बेसबॉलच्या इतिहासातल्या दहा सर्वश्रेष्ठ हंगामांची यादी ठरत असे. एक खेळाडू, एक वर्ष. मग फेब्रुवारीत, दक्षिणेकडे संघांचे सराव सुरू होतात त्या आठवड्यात, गावच्या वाचनालयात जेवण होई आणि ही यादी साठ-सत्तर लोकांसमोर वाचली जाई. गेली एकोणीस वर्षं ती एमिल वाचत होता. त्या संध्याकाळी लॉर्ना पहिल्या रांगेत बसून चाळीस मिनिटं मध्ये एक शब्द न बोलता त्याचं ऐकत असे. वर्षात अशी दुसरी संधी नव्हती.

यादीचा एकच कडक नियम होता : बेब रूथ यादीबाहेर. रूथला आत घेतलं की पहिला कोण हा वाद पाच मिनिटांत संपतो, आणि वाद संपला तर उरलेल्या जानेवारीचं करायचं काय, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

बाकी प्रत्येकाचं दैवत ठरलेलं होतं. टब योडर हा प्लंबर हॅक विल्सनचा, साल १९३०. विल्सननं त्या वर्षी एकशे एक्क्याण्णव धावा घरी आणल्या, हे तर टब सांगेच. पण विल्सन बुटका आणि पिंपासारखा होता, हे तो जास्त प्रेमानं सांगे. बर्निस साबो टेड विल्यम्सची, साल १९४१; शेवटच्या दिवशी बाकावर बसून राहिला असता तरी हजारी चारशेची दुर्मिळ सरासरी त्याच्या नावावर धरली गेली असती, पण गडी दोन्ही सामने खेळला आणि चारशे सहावर गेला. "असा नवरा मिळाला असता तर मी डायनर कशाला काढलं असतं?" हे तिचं त्यावरचं भाष्य. अंत्यविधीचं दुकान चालवणारा ऑसगुड फेन बॉब गिब्सनचा, साल १९६८. गिब्सननं त्या वर्षी बॅटरांची अशी काही अवस्था केली की पुढच्या वर्षी चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या पायाखालचा उंचवटाच छाटून कमी केला. ऑसगुडला धंद्यामुळे असेल, पण ज्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही अशांबद्दल आदर होता.

आणि एमिलचा पिचर स्टीव्ह कार्लटन, साल १९७२. फिलाडेल्फियाचा संघ त्या वर्षी सगळ्यात तळाला. अख्ख्या हंगामात एकोणसाठ सामने जिंकला, त्यातले सत्तावीस एकट्या कार्लटननं जिंकून दिले. एमिल तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि वडिलांबरोबर त्यानं त्यातले तीन सामने प्रत्यक्ष पाहिले होते. एकोणीस वर्षं सांगता सांगता त्या तिनाचे अकरा झाले होते.

यादी ठरायची ती आरडाओरडा करून. शेवटी ज्याचा आवाज शाबूत राहील, त्याचा हंगाम पहिला. चौतीस वर्षं आठवीच्या वर्गाला भूमिती शिकवलेल्या माणसापुढे बाकीच्यांचे आवाज टिकणं शक्यच नव्हतं. व्यवस्था चोख होती.

मग दोन वर्षांपूर्वी बॉस्टनकडून रॉस पेटिबोन आला. मुलगी इथं राहते म्हणून आला, शेजारचं घर घेतलं, आणि पहिल्याच जानेवारीत रंगीत तक्ते घेऊन टेबलावर बसला. त्याचं दैवत बॉस्टनचा पिचर पेड्रो मार्टिनेझ, साल २०००. रॉस ओरडत नसे. "मास्तर, तुमचा मुद्दा मला फार आवडला," असं म्हणून तो एमिलकडे पाहून हसे. आणि दात तर असे होते, की समोरच्यानं आपोआप तोंड मिटावं. एमिलला भांडखोर माणसाशी कसं वागायचं ते ठाऊक होतं. मुद्दा आवडणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

यंदा डिसेंबरात रॉसनंच सुचवलं, "आपण मतदान घेऊ या का? प्रत्येकानं दहा नावं लिहायची. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, असं खाली. ज्याच्या कागदावर विजेता हंगाम पहिला असेल, त्यानं वाचनालयात यादी वाचायची."

"झकास," टब म्हणाला. त्याचा घसा मागच्या जानेवारीपासून बसलेलाच होता.

"आणि विजेता कुणाच्याच कागदावर पहिला नसला तर?" एमिलनं शांतपणे विचारलं.

"तर... तुम्हीच सांगा."

"तर गेल्या वर्षीचाच वाचक पुढे चालू," एमिल म्हणाला. हे कलम कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. भूमितीच्या माणसाला अपवाद आधी दिसतो.

घरी जाऊन त्यानं आकडेमोड केली. पाच जणांची पाच दैवतं, सगळी आपापल्या कागदावर पहिली. तेव्हा निकाल लागणार तो दुसऱ्या नंबरावर. आणि टब, बर्निस, ऑसगुड, तिघांनाही पेड्रोच्या तक्त्यांनी भुरळ घातलेली. म्हणजे दुसरा नंबर पेड्रोला जाणार. मग रॉस वाचनालयात उभा राहणार. पहिल्या रांगेत लॉर्ना बसणार आणि मध्ये एक शब्द बोलणार नाही.

बेसबॉलमध्ये हिवाळा हा खेळाडूंच्या अदलाबदलीचा काळ असतो. एमिलनं अंगात कोट चढवला आणि निघाला.

टब एका तळघरात फुटलेल्या नळाखाली आडवा होता.

"टब, पेड्रोला कागदावरून उडव. दुसरा नंबर कार्लटनला दे."

"आणि मला काय, मास्तर?"

"माझ्या कागदावर दुसरा हॅक विल्सन."

टब नळाखालून बाहेर आला. "खरंच? तुम्ही मागच्या वर्षी त्याला दारूचं पिंप म्हणाला होतात."

"पिंपाबद्दल मला आदर आहे."

बर्निसनं जास्त घासाघीस केली. "टेड विल्यम्स दुसरा आणि वर मार्चपर्यंत माझ्या कॉफीला नावं ठेवायची नाहीत."

"फेब्रुवारी."

"मार्च, मास्तर. तुमची नड आहे, माझी नाही."

ऑसगुडनं सगळं नीट ऐकून घेतलं, बोटं एकमेकांत गुंतवली आणि म्हणाला, "गिब्सन दुसरा, हे ठीक. त्याशिवाय आणखी एक गोष्ट. काय ते नंतर कळवीन."

संघांमध्ये अशा बोलीवर अदलाबदली सर्रास होतात, 'एक खेळाडू आत्ता, दुसऱ्याचं नाव नंतर.' पण अंत्यविधीवाल्यानं 'नंतर कळवीन' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मणक्यातून जे जातं, ते एमिलच्याही गेलं. तरी त्यानं हात मिळवला.

दुसरा नंबर एकच असतो आणि आपण तो तिघांना दिला, हे एमिलला अर्थातच माहीत होतं. पण मतदान गुप्त होतं. शिवाय चौतीस वर्षं त्यानं तीस पोरांना 'तुझ्याकडूनच मला आशा आहे' असं वेगवेगळं सांगितलं होतं, आणि त्यांनी कधी एकत्र बसून ताळा केला नव्हता. आपल्या कागदावर त्यानं पहिला कार्लटन लिहिला, दुसरा टाय कॉब लिहिला, कारण कॉबचा वशिला लावायला गावात कुणी नव्हतं. पेड्रोचं नाव कुठंच नव्हतं.

हे झाल्यावरही त्याला चैन पडेना. रॉसनं ऐनवेळी काही नवा मुद्दा काढला तर? म्हणून तो रोज सकाळी पेड्रोतल्या खोडी शोधायला बसू लागला. तिसऱ्या आठवड्यात लॉर्नानं विचारलं, "काय करतोयस एवढं?"

"अभ्यास."

"कार्लटनचा?"

"शत्रूचा."

"शत्रू म्हणजे आपल्याला पाव पाठवतो तोच ना?"

मतदानाच्या शनिवारी पाचही जण टेबलाभोवती बसले. प्रत्येकाच्या खिशात घडी घातलेला कागद होता. बर्निसनं मध्ये रिकामा कॉफीचा डबा ठेवला आणि एप्रनला हात पुसत म्हणाली, "टाका इथं. मग मी एकेक काढून नावासकट मोठ्यानं वाचणार."

"मोठ्यानं?" एमिल म्हणाला. "गुप्त मतदान आहे ना?"

"मोजणार मी. उद्या कुणी म्हटलं बर्निसनं घोळ केला, तर? माझं गिऱ्हाईक आहे तुमच्यात. उघड वाचलं की कटकट नाही."

"मला पटलं," रॉस म्हणाला. टबला पटलं. ऑसगुडनं मान डोलावली. टब, बर्निस आणि ऑसगुड या तिघांनी एमिलकडे पाहिलं ते अशा प्रेमानं, की त्याला घाम फुटला. प्रत्येकाला आता आपला दुसरा नंबर कानांनी ऐकायचा होता.

"आलोच," असं म्हणून एमिल स्वच्छतागृहात गेला आणि त्यानं कडी लावली.

तिथं, हात वाळवायच्या यंत्रावर कागद टेकवून, त्यानं आयुष्यातली सर्वांत वेगवान सिद्धता मांडली. दुसरा नंबर विल्सनला दिला तर बर्निस आणि ऑसगुड खवळणार. विल्यम्सला दिला तर टब आणि ऑसगुड. कुणालाच न दिला तर तिघं. आणि कार्लटन पहिला राहिला तर सरळ दिसणार की मास्तरांनी सगळ्यांना फसवून स्वतःचं घोडं दामटलं. यातून सुटका एकच : असं काही करायचं की रागवायला तोंडच राहणार नाही. स्वतःच्याच दैवताचा बळी. पहिला पेड्रो. दुसरा कार्लटन. सद्सद्विवेकबुद्धी!

आणि गंमत म्हणजे यात काही बुडतही नव्हतं. तिघांचे नऊ-नऊ आणि आपले नऊ, कार्लटनला छत्तीस. पेड्रोला आपले दहा आणि रॉसचे दहा, वीस. कार्लटन जिंकणार. आणि कार्लटन कुणाच्याच कागदावर पहिला नसणार, म्हणजे गेल्या वर्षीचाच वाचक पुढे चालू. त्याचा कोपर लागून यंत्र सुरू झालं आणि गरम वारा थेट तोंडावर आला. तो एमिलला अभिनंदनासारखा वाटला. त्यानं नवा कागद लिहिला आणि जुना फाडून पाण्यात सोडून दिला.

बर्निसनं वाचायला सुरुवात केली.

"टब : पहिला विल्सन. दुसरा कार्लटन." टबनं एमिलकडे पाहून डोळा मारला.

"मी स्वतः : पहिला विल्यम्स. दुसरा कार्लटन. ऑसगुड : पहिला गिब्सन, दुसरा..." ती थांबली. "कार्लटन?"

टबनं हळूच विचारलं, "ऑसगुड, तुला काय कबूल केलं होतं?"

"गिब्सन दुसरा."

"मला विल्सन दुसरा!"

"अरे, मला विल्यम्स दुसरा," बर्निस म्हणाली आणि तिनं तव्यावरचा सुरा हातात घेतला. तो फक्त स्क्रॅपल उलटायला घेतला होता, पण एमिलला ते ठामपणे सांगता आलं नसतं. "मास्तर! एका दुसऱ्या नंबराचे तीन तुकडे? हीच का तुमची भूमिती?"

"आधी माझा कागद वाच," एमिल म्हणाला. आवाज त्यानं शोकसभेचा लावला होता.

"मास्तर : पहिला..." बर्निसचा सुरा खाली आला. "पहिला पेड्रो मार्टिनेझ?"

एमिल उठून उभा राहिला. "मी तुम्हा तिघांना शब्द दिला होता. देताना खराच दिला होता. पण आज सकाळी कागद समोर ठेवला, आणि हात चालेना. पंधरा वर्षांचा होतो तेव्हापासून ज्याला देव मानलं, त्याला मी आज दुसरा नंबर दिला. जे श्रेष्ठ ते श्रेष्ठ. मग माझ्याच देवाला जिथं माफी नाही, तिथं तुमच्या देवांना कुठून देऊ?"

टबचे डोळे पाणावले. ऑसगुड, ज्याला रडणारी माणसं रोजच दिसत, त्यानंही सवयीनं रुमाल पुढे केला. बर्निस म्हणाली, "कॉफी माझ्याकडून." रॉस मात्र लाल झाला होता.

"आता डॉक्टरांचा कागद," बर्निस म्हणाली. "पहिला... अगं बाई. पहिला स्टीव्ह कार्लटन."

एमिल बसला. बसला म्हणजे, खुर्ची तिथं होती हे नशीब.

"दुसरा पेड्रो," रॉस ओशाळून म्हणाला. "स्वतःच्याच माणसाला पहिला नंबर देणं मला बरं दिसेना. आणि खरं सांगू, मास्तर? तुमचा मला हेवा वाटतो. पेड्रोचा तो अख्खा हंगाम मी लोकांच्या दाढा काढत रेडिओवर ऐकला. तुम्ही कार्लटनला डोळ्यांनी पाहिलंत. अकरा वेळा."

"तीन," एमिल म्हणाला. त्या सकाळचं त्याचं पहिलं खरं वाक्य होतं ते. पण कुणी ऐकलं नाही, कारण बर्निस बेरीज करत होती.

"कार्लटन शेहेचाळीस! कार्लटन पहिला. आणि तो पहिला लिहिलाय एकट्या डॉक्टरांनी. म्हणजे यंदा यादी वाचणार डॉक्टर पेटिबोन!"

एमिलनं एकोणीस वर्षं कार्लटनसाठी घसा फोडला होता. आज कार्लटन एकमतानं म्हणावं असा जिंकला होता, आणि त्याला पहिलं मत न देणाऱ्यांत एमिल होता.

फेब्रुवारीत वाचनालयात रॉस उभा राहिला. चाळीस मिनिटं नाही, सहा मिनिटं बोलला. तळाचा संघ, रिकाम्या खुर्च्या आणि दर चार-पाच दिवसांनी एकटा येऊन जिंकून जाणारा तो उंच माणूस. एकोणसाठातले सत्तावीस, हे त्यानं एकदाच सांगितलं, तेही हळू. पहिल्या रांगेत लॉर्ना डोळे पुसत होती.

"एकोणीस वर्षं तू हेच सांगत होतास?" तिनं कुजबुजत विचारलं.

"हेच."

"मग इतकं चांगलं आहे, हे बोलला का नाहीस?"

तेवढ्यात वाचनालयाच्या प्रमुख बाई, मिसेस डेलाप्लेन, माइकवर आल्या. डायनरमधली हकिकत गावभर झाली होती. "आपल्या मास्तरांनी स्वतःचं दैवत मागे सारून पेड्रोला पहिलं मत दिलं, हे आपण ऐकलंच आहे. असं त्या हंगामात काय होतं, ते आपण त्यांच्याच तोंडून ऐकू या. या, मास्तर."

टाळ्या पडल्या. सद्सद्विवेकबुद्धी जाहीर केली की ती परत घेता येत नाही. एमिल उठला. दोन शब्द बोलून बसावं, असा त्याचा बेत होता.

पण सहा आठवडे त्यानं पेड्रोतल्या खोडी शोधल्या होत्या आणि त्याला एकही सापडली नव्हती. जे सापडलं होतं ते सगळं आता बाहेर येऊ लागलं. ते वर्ष बॅटरांचं होतं, तो म्हणाला. ज्याचा त्याचा चेंडू कुंपणाबाहेर जात होता. पिचर नऊ डावांमागे जवळजवळ पाच धावा देत होते. पेड्रोनं दोनसुद्धा दिल्या नाहीत. त्याच्या मागून दुसरा आला त्याची धावा देण्याची सरासरी याच्या दुपटीहून जास्त. "आणि तो जे सहा सामने हरला," एमिलनं माइक दोन्ही हातांनी धरला, "त्या हरलेल्या सामन्यांतलीसुद्धा त्याची सरासरी त्या दुसऱ्या पिचरच्या अख्ख्या वर्षापेक्षा चांगली होती! अहो, हा माणूस हरायचा तोसुद्धा बाकीच्यांच्या जिंकण्यापेक्षा बरा!"

बोलता बोलता त्याला जाणवलं की आपण खोटं बोलत नाही आहोत. हे नेमकं कधी झालं ते त्याला कळलं नाही. बहुधा चौथ्या आठवड्यात. सभागृह उभं राहिलं. लॉर्नासुद्धा उभी राहिली, आणि तिनं मध्ये एक शब्दही काढला नव्हता.

जेवणाच्या रांगेत रॉस धावतच आला आणि त्यानं एमिलचे दोन्ही हात धरले. त्याचे डोळे चमकत होते, दात तर होतेच.

"मास्तर, काय बोललात! माझे डोळे उघडलेत तुम्ही. मी उगाच संकोच केला. पुढच्या वर्षी मी परत पेड्रो पहिला लिहिणार."

एमिलनं आपले हात सोडवून घेतले.

"ते जमायचं नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "पेड्रो माझा आहे. तुम्ही तुमचा कार्लटन सांभाळा."